येतानाचं तिकीट

१२ जानेवारी २०२५, रविवार

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. गावी, वडीगोद्रीला कार्यक्रम झाला. मांडव, भंतेजी, जेवणं – सगळं मी जमवलं. भाषण संघपालनं केलं.

काल बंगळुरूहून आला, आज माईक धरला. "आईवडिलांना मी कधी काही कमी पडू दिलं नाही." लोक माना डोलवत होते. आई पुढच्या रांगेत खुर्चीत. तिचा डावा हात मी मांडीवर जसा ठेवला होता तसाच होता. उजव्या हातानं डोळे पुसत होती. लेकाचं कौतुक!

तेवढं मी गिळलं असतं. भाषणात माणूस बोलतोच काहीतरी.

नंतर खरकटी ताटं टाकायला टाकीमागं गेले, तर पलीकडून आवाज आला. तातेराव मामा, आईचा धाकटा भाऊ, संघपालला म्हणत होते, "अक्षतानं लई केलं बाबा तुझ्या मायचं." आणि माझा सख्खा भाऊ म्हणाला, "ताईचं काय मामा. घर आईचं, पेन्शन आईची. नवरा न्हाई, लेकरू न्हाई. आईमुळं डोक्यावर छप्पर हाय तिच्या. मर मर तर मी मरून राह्यलोय तिकडं."

मामा म्हणाले, "ते बी बराबर हाय."

ताटं तिथंच ठेवली. हात धुतले. मांडवात येऊन दोघांना बुंदी वाढली. मामांना जास्तीची.

१३ जानेवारी, सोमवार

संघपाल गेला. जाताना म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मी बेफिकीर आहे." मी म्हटलं, हो ना.

१६ जानेवारी

कामात लक्ष नाही. लॅबमध्ये कपाशीच्या बियांचा ट्रे मोजताना दोनदा चुकले. नंदाबाई म्हणाली, "मॅडम, तब्येत बरी न्हाई का?" तिला काय सांगू. राग तब्येतीसारखा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी आईला लकव्याचा अटॅक आला तेव्हा परभणीच्या मुलाकडचे लोक लग्नाची तारीख धरून बसले होते. चांगला माणूस होता, हायस्कूलवर शिक्षक. म्हणाला, मी थांबतो. थांबलाही बिचारा. मीच कळवलं, नका थांबू. तेव्हा संघपाल फोनवर रडला होता. "ताई, हे मी आयुष्यभर विसरणार नाही."

विसरला. वरून म्हणतो छप्पर!

१९ जानेवारी, रविवार

संघपालनं व्हॉट्सॲपवर विमानाची तिकिटं पाठवली. त्याच्या लेकाचा, सम्यकचा वाढदिवस आहे १५ फेब्रुवारीला. मी आणि आई. ९ तारखेला जायचं, १६ ला यायचं. लगेच फोन. "रिटर्नच काढलंय ताई. स्वस्तात भेटलं. आईची व्हीलचेअर पण सांगितलीय. तुला फक्त निघायचंय."

रिटर्नच. म्हणजे आठवडाभर मिरवायचं आणि आठव्या दिवशी पार्सल परत.

आई खूश. शेजारच्या साळूबाईला हाक मारून सांगितलं, "इमानानं चाल्ले मी. लेकानं तिकीट काढलं."

२२ जानेवारी, बुधवार

पहिल्यांदा ठरवलं, जायचंच नाही. आयत्या दिवशी कळवायचं. त्याच्या लेकाचा वाढदिवस, त्याचे पाहुणे, "माझी आई येतेय" म्हणून सांगून ठेवलेली सगळी मंडळी. जाऊ दे सगळं वाया. दोन दिवस हाच विचार गोळीसारखा चघळला.

आज ऑफिस सुटल्यावर जुन्या जालन्यात भागवतच्या दुकानात गेले. भागवत म्हणजे सगळे ऑनलाइन फॉर्म भरतो तो, तिकिटं पण काढतो. सहज विचारल्यासारखं विचारलं – जाताना नाही गेलं तर येतानाचं तिकीट चालतं का?

"ताई, हे सस्त्यातलं इमान हाय. यात जायचं अलग, यायचं अलग. जायचं सोडलं तर यायचं कधी राहतं, कधी कटतं. ज्या त्या कंपनीचा कायदा. पन यायचं सोडलं तर कोन विचारतं? सीट खाली घेऊन उडतं ते."

 मग विचारलं, दोघांचं एकत्र तिकीट असलं आणि येताना एकटाच आला तर?

"मंग तो एकटा येतो. दुसऱ्याचं तिकीट वाया, बाकी काय न्हाई." प्रिंट काढता काढता म्हणाला, "कोन जाऊन राह्यलंय?"

"आई आणि मी."

"मंग दोघीबी येनारच की वापस."

मी म्हटलं, येणारच.

बाहेर आले तर रिक्षावाले ओरडत होते, कापडाच्या दुकानासमोर टेम्पो अडकला होता, आणि मला चक्क हसू येत होतं. एवढ्या वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घे रे बाबा. तुझी आई. तुझ्या डोक्यावर.

२३ जानेवारी

नीट विचार केला. सांगायचं नाही कुणाला. आईला तर नाहीच. ती फोनवर पचकून बसेल.

२ फेब्रुवारी, रविवार

बॅग भरली. आठवड्याची म्हणून भरली, पण आईच्या सगळ्या सुती साड्या घातल्या. स्वेटर घातला. औषधं मेडिकलवाल्याकडून एकदम जास्तीची आणली. एमआरआयची फाईल कपड्यांच्या तळाशी. मालिशचं तेल, पायाला बांधायचा पट्टा, कडक पाठीची ती उशी.

आई पलंगावरून बघत होती. "एवढं कशाला गं? आठ दिवसाला?"

"तिकडं थंडी असते आई."

"हां. संघा म्हनला व्हता." आणि गप बसली. माझ्यावर विश्वास ठेवून गप बसणं हे तिचं रोजचंच आहे. आज ते मला सहन होत नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

पण मन बदललं नाही. लिहून ठेवते – बदललं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बंगळुरू. संघपालच्या घरी, बाराव्या मजल्यावर.

चिकलठाण्याच्या विमानतळावर आईला व्हीलचेअर मिळाली. ढकलणारा पोरगा सिल्लोडकडचा निघाला. आईनं त्याचं गाव, आडनाव, लग्न, सगळं काढलं. विमानात खिडकीची जागा. वर गेल्यावर थोड्या वेळानं मला विचारते, "मधी कुठं थांबत न्हाई का हे? पाचोडला यष्टी थांबती तशी? चहाला?"

मला हसू आवरेना. तीही हसली, एका बाजूनंच, आता हसते तशी. मग माझा हात धरून बसली.

तो हात मी सोडला नाही. पण त्याच वेळी डोक्यात चाललं होतं की येताना ही शेजारची सीट रिकामी असेल. दोन्ही एकदम चालू होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घर मोठं आहे. आईसाठी संघपालनं आपली कामाची खोली दिलीय. म्हणजे खुर्ची-टेबल बाल्कनीत सरकवलं आणि पुन्हा पुन्हा सांगतो, "माझी पाठ गेली पण आईला खोली पाहिजे."

बाथरूममध्ये धरायला दांडी नाही. फरशी गुळगुळीत. पाहून बरं वाटलं. कळेल त्याला.

आईचं सगळं मीच करतेय. आंघोळ, केस, संडास, हात-पाय हलवणं. तो सकाळी दारात उभा राहून विचारतो, "आई, झोप झाली का?" आणि निघून जातो. लेकरू शाळेत, हा कामावर.

शीतल मात्र येते मधे मधे. माझी भावजय, उदगीरची. आज कुकर लावता लावता म्हणाली, "ताई, मार्चपासून मला माझी स्वतःची टीम मिळतीय." सम्यक झाल्यावर ती किती तरी वर्षं घरी होती. नव्यानं शिकली, लहान पोरांच्या हाताखाली काम केलं. सांगताना लाजत होती. मी अभिनंदन म्हटलं. मनात म्हटलं, दोघांचं बरं चाललंय. फक्त माझ्याच वाटेला आईचा लकवा.

१३ फेब्रुवारी

कसं सांगायचं ते सापडत नव्हतं. गुपचूप निघून जावं असंही वाटलं. पण मग तो सगळीकडं सांगेल – ताई आईला टाकून पळाली.

नाही. चारचौघांत सांगायचं. त्यानं चारचौघांत भाषण केलं होतं. मीही करणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस. फुगे, केक, शीतलचे आईवडील उदगीरहून आलेले, बरेच ऑफिसचे लोक बायकांसह. केक कापल्यावर संघपालनं माईक घेतलाच! हिंदीत. माझी आई खास जालन्याहून आलीय, तिच्या आशीर्वादानं मी इथवर आलो, वगैरे. टाळ्या.

मी पुढं गेले आणि माईक मागितला. त्याला वाटलं सम्यकला आशीर्वाद देईन. मीही हिंदीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हटलं, "माझा भाऊ स्वतःचं कौतुक सांगायला लाजतो, म्हणून मी सांगते. आईची सेवा करायची त्याची फार वर्षांची इच्छा होती. आता आई कायमची त्याच्याजवळ राहणार आहे. उद्या मी एकटीच परत जातेय. असा मुलगा सगळ्यांना मिळो."

 मग काय टाळ्या, काय टाळ्या. त्याचा साहेब, टकला माणूस, उठून आईच्या पाया पडला. संघपालची पाठ थोपटली. दोन बायका रडल्या. आणि संघपाल हसत होता. हसणं भाग होतं. गालाखाली एक शीर हलत होती, ती फक्त मला दिसत होती.

आईनं त्याला जवळ ओढलं. त्याच्या हातावर गाल टेकवला.

शीतल केकचं ताट घेऊन उभी होती. टाळी वाजवायला तिचे हात मोकळे नव्हते.

घरी आल्यावर त्यानं मला बाल्कनीत नेलं. दार लावलं. "ताई, हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं?"

"मला विचारायचं तरी. असं चारचौघांत? आईचं रिटर्न तिकीट आहे."

"असू दे. सीट रिकामी जाईल. पैसे वाया गेले तर माझ्याकडून घे."

"पैशाचा प्रश्न नाही. अगं, आम्ही दोघं नोकरी करतो. तू असतेस तिथं, तुला सवय आहे..."

मग मी ते बोलले. एक महिना तोंडात धरून ठेवलेलं. "आईमुळं माझ्या डोक्यावर छप्पर आहे ना? टाकीमागं बोललास ना मामापाशी? घे मग. आई घे, छप्पर घे."

त्याचं तोंड पडलं. खरोखर पडलं, लहानपणी दुधाची बरणी फोडली होती तेव्हासारखं. म्हणाला, "ते मी उगं बोलून गेल्तो." घाबरला की त्याची बोली बाहेर येते.

मी म्हटलं, मीपण उगंच बोलून गेले. पण आता टाळ्या वाजल्या आहेत.

अजून झोप आलेली नाही. भीतीनं नाही. मजा येतीय.

१६ फेब्रुवारी, रविवार

जालना. घरी. एकटी.

सकाळी आईचे केस विंचरले. वेणी घातली. ती आरशात बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "हे संघा म्हनला, का तूच म्हनलीस?"

"तोच म्हणाला."

"मला आधी सांगायचं ना."

मी कंगव्यातले केस काढले. मग तिनं विचारलं, "तू थकलीस का गं माझ्यापायी?"

म्हटलं, नाही. तिनं मान हलवली.  निघताना पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, चांगला हात.

संघपाल खाली सोडायला आला नाही. शीतल आली. टॅक्सीत बॅग ठेवली. म्हणाली, "ताई, आईंना रात्री किती वेळा उठावं लागतं?" मी म्हटलं, संघपालला कळेल. तिला आणखी काही विचारायचं होतं, पण टॅक्सी निघाली.

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "मॅम, दुसरे पॅसेंजर? सत्यशीला?"

"नहीं आएँगी."

तिनं काहीतरी टाइप केलं आणि मला माझा पास दिला. एवढंच. भागवत म्हणाला तसंच. एवढी मोठी गोष्ट आणि त्या पोरीनं नजरसुद्धा वर केली नाही.

खिडकीची जागा आईची होती, मी माझ्याच जागेवर बसले. दार बंद झाल्यावर मागचा एक माणूस आला, "खाली है?" विचारलं आणि आत सरकला. लगेच झोपला. मला त्याचा फार राग आला. रिकामी सीट मला बघायची होती.

१८ फेब्रुवारी

सकाळी उजाडल्यावर जाग आली. कुणी हाक मारली नव्हती.

चहा घेतला. सगळा गरम. संपेपर्यंत गरम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संघपालचा पहिला फोन. बाई लावलीय आईसाठी, पण तिला कानडीशिवाय काही येत नाही. आई तिला मराठीत ओरडते, ती कानडीत ओरडते. "ताई, आई ऐकतच नाही. तू समजाव ना फोनवर."

मी म्हटलं, तुझी आई आहे, तू समजाव.

फोन ठेवल्यावर खिडकी उघडून बसले. रस्त्यावर कुणाची तरी वरात चालली होती. इतकी चांगली वाजंत्री होती की शेवटपर्यंत ऐकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

नंदाबाईबरोबर शहागडला गेले. तिच्या भाच्याची गाडी होती. ढाब्यावर बसून गोदावरीतले मासे खाल्ले, मग पुलावर उभ्या राहिलो. ट्रक गेला की पूल हलतो. नंदाबाई म्हणाली, "मॅडम, तुमी अशा कधी बाहेर निघत नव्हत्या. मायचं कोन बघून राह्यलंय?"

"लेक बघतोय."

"बरं झालं. लेकानं बी बघावं."

हेच. जगात कुणालाही विचारा, हेच म्हणतील. लेकानं बी बघावं. मग मी काय वाईट केलं? शिक्षा नाही ही. वाटा आहे त्याचा.

खोटं कशाला लिहू. शिक्षाच आहे.

१ मार्च, शनिवार

कानडी बाई सोडून गेली. दुसरी आली. तीही गेली. संघपालचा आवाज बसलाय. "ताई, झोप न्हाई गं. दर दोन तासाला हाक मारती."

मला माहीत आहे. मी अकरा वर्षं त्याच हाकेवर उठले.

म्हटलं, सवय होईल.

५ मार्च

व्हिडिओ कॉल. आई बारीक दिसली. केस कुणीतरी विंचरले होते, भांग वाकडा. तिच्या तोंडाशी चमचा धरलेला एक हात दिसत होता, बांगडीचा. विचारलं, संघपाल कुठंय? "ऑफिसला. लई काम हाय त्याला," आई म्हणाली.

लपतोय. आईपासून पळून ऑफिसात बसतोय. पण रात्री तर घरी यावंच लागतं ना.

आईनं विचारलं, "साळूबाईच्या सुनंला काय झालं?" मुलगी झाली म्हटलं. "बरं झालं. मी आल्यावर बघीन." मी विषय बदलला.

९ मार्च, रविवार

शीतलचा मेसेज. "ताई, आंघोळ घालताना आईंचा डावा हात कसा धरायचा? काल दुखला त्यांना. बाथरूममध्ये मी पण घसरले."

वाचला. उत्तर दिलं नाही. बायकोला पुढं करतोय. स्वतः विचारायची लाज वाटते. त्याचं हे जुनंच आहे. शाळेत मास्तरांकडं चिठ्ठी घेऊन मलाच पाठवायचा.

१० मार्च

शीतलला उत्तर दिलं. "संघपालला विचार. त्याची आई आहे."

दोन निळ्या खुणा आल्या. पुढं काही नाही.

१६ मार्च, रविवार

शीतलचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. त्यानंच करायला लावले असतील. त्याला म्हणावं, स्वतः कर. स्वतः म्हण की ताई, मी चुकलो. टाकीमागं नाही, मांडवात. माईकवर.

मी तेवढ्यासाठीच थांबलेय. तेवढं बोलला की जाऊन आईला घेऊन येईन. हे मी आजवर लिहिलं नव्हतं. आईशिवाय घर बरं वाटतं, पण रोज संध्याकाळी कामावरून येताना मेडिकलसमोर पाय आपोआप थांबतात.

२२ मार्च, शनिवार

तातेराव मामा आले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आक्काला तिकडं ठिवलं म्हनं. बरं न्हाई केलंस."

मी म्हटलं, मामा, घर आईचं, पेन्शन आईची. आई जिथं राहील तिथं सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर. बराबर हाय ना?

त्यांना कळलं. कप ठेवला, टोपी घातली, गेले. दारातून एकदा वळून बघितलं. मी नमस्कार केला.

२९ मार्च, शनिवार

संघपालचा फोन. खचलाय. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "आई कशी आहे?" रोज विचारतो. हा रोज "उत्तम" म्हणतो. "ताई, परत पाठवू पण शकत नाही गं आता. लोक काय म्हणतील." मग हळूच, "तूच एखादं कारण काढ ना. तूच म्हण, मला करमत नाही."

म्हणजे तेही मीच बोलायचं. त्याची अब्रू मी झाकायची.

म्हटलं, मला छान करमतं.

 पलीकडून आईची हाक ऐकू आली, लांबून. "शीतल... शीतल..." आणि पावलं. कुणीतरी पळत गेलं.

फोन ठेवून मी शिरा केला. एकटीपुरता, भरपूर तूप सोडून. संघपाल टिकलाय अजून, पण टेकलाय. वाकेल. आणखी थोडे दिवस.

५ एप्रिल, शनिवार

आठवडाभर फोन नाही. चांगलं लक्षण. बोलायची तयारी करत असेल.

१० एप्रिल

गल्लीत जयंतीची तयारी सुरू. निळ्या पताका लागल्या. आईला व्हिडिओवर दाखवल्या. बघत राहिली. म्हणाली, "शीतल लई करती गं. लेकीवानी करती." मग आवाज खाली आणून, "पन आजकाल बोलत न्हाई ती."

१३ एप्रिल, रविवार

संघपालचा फोन. आवाज मोकळा, पहिल्यासारखा. "ताई, आता काही टेन्शन न्हाई. आईचं सगळं बराबर लागलं. शीतलनं शुक्रवारी राजीनामा दिला. घरात कुणीतरी लागतंच ना."

मी विचारलं, मग तू का नाही दिलास?

तो हसला. त्याला खरंच वाटलं मी गंमत करतेय.